चावी काढली तरी चालूच: टाटा २०७ला दुसरं इंजिन बसवल्यानंतरचे नऊ महिने

परवाच्या शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात माझी २०७ पिकअप बंदच होईना. बंद पडली असं म्हणत नाही, नीट वाचा. चावी फिरवली, काढून खिशात टाकली, आणि इंजिन आपलं डुगडुग चालूच. डॅशबोर्डखालची स्टॉप वायर ओढली तर मूठ तुटक्या वायरीसकट हातात आली. मागे फणस, पुढे रिक्षा, आणि "बंद जायना?" असं विचारायला जमलेले दहा जण. शेवटी टॉप गिअर टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच सोडला. एक जोरदार आचका देऊन गप्प झाली. बॉनेट उघडून डिझेल पंपाची दांडी हाताने ओढली असती तरी चाललं असतं, पण ते घरी आल्यावर सुचलं.

नऊ महिने हा अनुभव लिहीन लिहीन म्हणत होतो, त्या आचक्याने लिहायला बसवलं.

गाडी २००९ची, डीआय, डिचोली पासिंग. तिचं इंजिन टाटाच्या ४९७ कुळातलं. चार सिलिंडर, ९७ मिमीचा बोअर (सिलिंडरचा व्यास), २९५६ सीसी, टाटाच्याच ४०७ ट्रकमध्येही हेच घराणं. माझा धंदा म्हणजे नारळ, सुपारी, उन्हाळ्यात काजू, चतुर्थीला माटोळीचं (गणपतीच्या वर टांगायच्या फळापानांचं) सामान, आणि मधल्या काळात चोर्ला उतरून बेळगावची भाजी. किलोमीटरचा काटा २,८६,००० वर थांबून किती वर्षं झाली ते मलाच आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात ऑइलचं झाकण काढलं की चहाच्या किटलीसारखी वाफ यायची. ६०० किलोमीटरला लिटरभर ऑइल प्यायची. सकाळी सेल्फ मारला की पांढरा धूर थेट शेजारच्या तुळशीवर. शेजारी बोलायचे नाहीत, फक्त वहिनी खोकायच्या.

एका गॅरेजने आहे तेच इंजिन करून द्यायचे ८५,००० सांगितले. बोअर, पिस्टन, बेअरिंग, हेडचं काम, सगळं धरून. वर शेपूट: "बाकी खोलल्यावर बघू." या तीन शब्दांनी आजवर किती घरं बसली असतील! म्हणून मी दुसऱ्या इंजिनाच्या मागे लागलो. भाचा म्हणाला, "मामा, घालतोच आहेस तर टर्बोवालं घाल." दोन रात्री मीही स्वप्नं बघितली. मग कागद बघितले. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की आरसीत आणि गाडीत फरक पडेल असा बदल परवानगीशिवाय करायचा नाही, आणि बदल झाला की १४ दिवसांत कळवायचं. २०१९ला सुप्रीम कोर्टानेही मूळ कंपनीच्या स्पेसिफिकेशनबाहेरचे बदल चालणार नाहीत असं सांगितलं. माझी गाडी ट्रान्सपोर्टची, जुनी, दरवर्षी फिटनेसला उभी राहणारी. टर्बो घालून दरवर्षी कुणासमोर घाम पुसायचा? त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन, आधी अर्ज, मग काम. नंबर आरसीवर चढला नाही तर अपघातात इन्शुरन्सवाले पहिला तोच बघतील, हेही डोक्यात होतं.

इंजिन बेळगावला भंगारवाल्याकडे मिळालं, ४०७मधून काढलेलं. पहिल्या दिवशी गेलो तेव्हा इंजिन आधीच गरम करून ठेवलेलं. हात लावला आणि परत आलो. गार इंजिन कसं चालू होतं तेच तर बघायचं असतं. दुसऱ्यांदा न सांगता सकाळी सात वाजता गेलो. गार सेल्फवर दुसऱ्या फेरीत धरलं, धूर क्षणभर आणि गेला. ऑइलच्या झाकणाच्या जागी तळहात ठेवला, दाब जाणवला नाही. डिपस्टिकवर दुधासारखं काही नाही. ब्लॉकवरच्या नंबराभोवती घासल्याची खूण नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्या ४०७ची आरसी रद्द झाल्याचा कागद आणि पक्कं बिल. त्या कागदांसाठी मी भावात दोन हजार सोडले, हे माझ्या बायकोला अजून खरं वाटत नाही. ५८,०००ला सौदा झाला.

काम साखळी गावच्या मेकॅनिकने केलं. खाणी सुरू असताना टिपरवर (खनिज वाहणाऱ्या ट्रकवर) हात बसलेला माणूस. २०१२ला खाणी थांबल्या तेव्हापासून आमच्या भागात टिपर कमी आणि टिपरचे मेकॅनिक जास्त अशी अवस्था, आणि त्याचा फायदा माझ्यासारख्यांना. चेन कप्पीवर जुनं इंजिन सकाळी वर, नवं तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आत. ४०७चं चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) माझ्या गाडीत अडत होतं, म्हणून माझं जुनं चेंबर धुऊन त्याला लावलं. फाउंडेशनचे ब्रॅकेट, डायनॅमो, फ्लायव्हीलही माझेच. क्लचप्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग नवीन घेतले. गिअरबॉक्स एकदा वेगळा झाला की ते बदलायचंच, तिथे कंजूषपणा करू नका. हे मी सांगतोय म्हणजे बघा.

तयारीची माझी एक वही होती. त्यात २३ ओळी. होज पाईपची मापं, अर्थिंगची जागा, सायलेन्सरचा बोल्ट, सगळं. इंजिन बंद कसं होणार, ही ओळ नव्हती.

डिझेलला स्पार्क प्लग नाही. करंट तोडला म्हणून ते थांबत नाही, डिझेल तोडावं लागतं. माझ्या जुन्या डिझेल पंपावर सोलनॉइड, म्हणजे करंटवर चालणारा खटका, होता. करंट आहे तोवर डिझेल चालू, चावी फिरवली की बंद. नव्या इंजिनाच्या पंपावर नुसती दांडी, ती वायरीने ओढायची. म्हटलं, माझा जुना पंप इकडे चढव. डिझेल पंप दुरुस्त करणारा (तोही पंपाला अजून 'मायको'च म्हणतो, कंपनीचं नाव २००८ला बॉश झालं तरी) म्हणाला, आतली एलिमेंट गेलीत, १४,००० होतील. मेकॅनिक हसला. "बाब, पूर्वी सगळ्या गाड्या अशाच बंद करायचो." आणि माझ्या उजव्या गुडघ्याच्या वर एक काळी मूठ बसवून दिली.

त्या मुठीने मला छळलं. चावी काढून दार लावून मी बँकेत जायचो आणि वॉचमन मागून हाक मारायचा. डिझेल भरताना पंपावरचा पोरगा दरवेळी "इंजिन बंद करा" म्हणायचा, मी वाकून ओढायचो, तो माझ्याकडे गाडी चोरून आणल्यासारखं बघायचा. देवळासमोर आरती चालू आणि माझी गाडी डुगडुग. एकदा भाच्याला गाडी दिली तर त्याने फोन केला, "मामा, ही बंद कुठून होते?" मूठ ओढून पुन्हा आत ढकलायला विसरलात तर सकाळी सेल्फ मारून बॅटरी संपेल पण गाडी सुरू होणार नाही. हेही माझं दोनदा झालंय. दिवाळीआधी मी ठरवलं होतं, पाच पैकी दोनच स्टार देणार.

बाकी इंजिन उत्तम, लवकर सांगून टाकतो. ॲव्हरेज साधारण ९ चं साडेअकरा झालं. भरल्या गाडीने चोर्ल्याला जिथे दुसरा गिअर लागायचा तिथे आता तिसरा ओढतो. पाच हजारांत अर्धा लिटर ऑइल. आयडलला थोडी थरथर होती, ती एका फाउंडेशन रबराने गेली. वहिनींचा खोकला थांबला.

दोन स्टार मात्र बदलले. ऑक्टोबरात परतीच्या पावसात बेळगावहून येत होतो, मागे कोबी आणि फ्लॉवर. घाट सुरू झाला आणि चार्जिंगचा दिवा लागला. डायनॅमो गेला, पण फिरत होता, म्हणून त्याच्या मागचा व्हॅक्यूम पंपही फिरत होता आणि ब्रेक शाबूत होते. हेडलाइट आधी पिवळे, मग लाल, वायपर म्हातारा झाला. एका बसच्या मागच्या दिव्यावर नजर ठेवून उतरलो. बॅटरी इतकी बसली की हॉर्नसुद्धा कण्हायला लागला, पण इंजिनाला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. जुना सोलनॉइड असता तर करंट संपला त्या वळणावर डिझेल तोडून गाडी उभी राहिली असती, अंधारात, कोबीसकट. घरी पोचून मूठ ओढली तेव्हा पहिल्यांदाच शिवी दिली नाही. सोलनॉइड घालायचा बेत तिथेच सोडला. चार स्टार. पाचवा नाही, परवाच्या शुक्रवारामुळे.

आता हिशोब. इंजिन ५८,०००, आणायचे साडेतीन, मजुरी १६, क्लच आणि रबरं ११, होज, ऑइल, फिल्टर सहा, कागद, फी आणि फेऱ्यांचं डिझेल दीड हजार. एकूण ९६,०००. जुनं इंजिन सुट्ट्या भागांसाठी १४,०००ला गेलं, म्हणजे ८२. गॅरेजच्या ८५ पुढे माझे तीन हजार वाचले. डायनॅमोला त्यातले २,८०० गेले. शनिवारी नवी स्टॉप वायर घातली, १८० रुपये. मेकॅनिक म्हणाला, एक जादा घेऊन डॅशबोर्डात ठेवा, पुन्हा बाजारात तुटली तर बरं. नाही घेतली. वीस रुपये अजून फायद्यात आहे.