नोटपॅड प्लस प्लस: प्रोग्रॅमर नसलेल्याच्या टेबलावरून

गिरगावातल्या एका जुन्या सार्वजनिक वाचनालयात मी आठवड्यातून तीन दुपारी स्वयंसेवक म्हणून बसतो. जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करायची आणि वाचनालयातल्याच संगणकावर झॅम्प या, आपल्याच संगणकावर संकेतस्थळ चालवणाऱ्या सॉफ्टवेअर-संचाच्या आधाराने चालणाऱ्या अंतर्गत संकेतस्थळावर ती चढवायची, एवढेच माझे काम. नोकरीची सगळी वर्षे हिशेब खात्यात गेल्यामुळे प्रोग्रॅमिंगशी माझा कधी संबंध आला नाही. तरीही गेल्या वर्षभरात ‘पीएचपी डॉट आयएनआय’ नावाची, म्हणजे संकेतस्थळ ज्या पीएचपी भाषेवर चालते तिच्या सेटिंग्जची फाइल मी निदान वीस वेळा उघडली असेल, आणि त्यातल्या पहिल्या काही वेळा वगळता ती नोटपॅड प्लस प्लस या मजकूर संपादकातच उघडली. हे परीक्षण त्या एकाच कामापुरते, म्हणजे सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगरेशन (म्हणजे सेटिंग्जच्या) फाइलमध्ये हात घालावा लागणाऱ्या सामान्य माणसाच्या नजरेतून केलेले आहे. प्रोग्रॅमर या साधनाकडून काय अपेक्षा ठेवतात याच्याशी त्याचा संबंध नाही.

डॉन हो यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेला हा संपादक विनामूल्य आणि मुक्त स्रोत आहे, आणि तो फक्त विंडोजवर चालतो. उतरवून घ्यायला काही मिनिटेही लागत नाहीत. तो मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावा, कारण याच्या अपडेट यंत्रणेचा २०२५ मध्ये गैरवापर झाला होता आणि त्यानंतर उतरवलेल्या फाइलच्या सहीची पडताळणी कडक करण्यात आली. मेनूच्या भाषांच्या यादीत मराठीही आहे. मी मात्र इंग्रजी मेनूच ठेवला आहे, कारण फोनवरून सांगणारा माणूस इंग्रजी मेनूतलीच नावे सांगतो.

तो माणूस म्हणजे लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानातला तरुण तंत्रज्ञ. त्याने संगणक बसवून दिला आणि पुढच्या अडचणी फोनवर सोडवू असे सांगून तो गेला. पहिली अडचण लगेच आली. संकेतस्थळावर अंकांच्या मुखपृष्ठांची लहान चित्रे तयार होईनात. “काका, जीडी लिहिलेली ओळ शोधा आणि तिच्या सुरुवातीचा सेमीकोलन काढा,” असे त्याने सांगितले. जीडी हा पीएचपीचा चित्रे हाताळणारा भाग. आयएनआय प्रकारच्या फाइलमध्ये सेमीकोलनने सुरू होणारी ओळ ही नुसती टीप असते आणि संगणक ती वाचतच नाही, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मी ती फाइल विंडोजच्या साध्या नोटपॅडमध्ये उघडली होती. दीड-दोन हजार ओळी एकाच काळ्या रंगात समोर होत्या आणि त्यांतल्या कोणत्या जिवंत आहेत, कोणत्या नुसत्या टिपा आहेत, हे प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर तपासल्याशिवाय कळत नव्हते. नोटपॅड प्लस प्लसमध्ये त्याच टिपा हिरव्या दिसतात. सेमीकोलन काढताक्षणी ओळीचा रंग बदलतो आणि आपण केलेला बदल संगणकाच्या दृष्टीने खरोखर बदल आहे, याची पावती तिथल्या तिथे मिळते. एवढ्या एका गोष्टीसाठीसुद्धा मी हा संपादक घेतला असता.

दुसरी अडचण मोठी होती आणि संपादकाची मर्यादा तिनेच दाखवून दिली. पीएचपीमध्ये फाइल चढवण्याची मूळ मर्यादा २ एमबी असते. आमच्या एकेका अंकाची पीडीएफ तीस-चाळीस एमबीच्या घरात जाते. मी ‘अपलोड मॅक्स फाइलसाइझ’ ही ओळ शोधली आणि आकडा बदलून व्यवस्थित ‘६४ एमबी’ असे रोमन अक्षरांत लिहिले. ओळ सुबक दिसत होती, रंगही बरोबर होता आणि संकेतस्थळाच्या पडद्यावरही कमाल मर्यादा ६४ एमबी अशीच उमटली. फाइल मात्र एकही चढेना, अगदी एका पानाची सुद्धा. दोन दिवसांनी उलगडा झाला. पीएचपी त्या आकड्याच्या शेवटच्या अक्षराकडे पाहते. तिथे के, एम किंवा जी यांपैकी एक अक्षर असेल तरच तिला किलो, मेगा, गिगा हे प्रमाण कळते. माझ्या आकड्याच्या शेवटी बी होता, म्हणून तिने मर्यादा ६४ बाइट एवढीच धरली. ६४ बाइटमध्ये दिवाळी अंकाचे नावसुद्धा जेमतेम मावेल.

तो बी काढल्यावरही तीस एमबीचा अंक अडलाच. एकूण पाठवणीची मर्यादा ठरवणारी ‘पोस्ट मॅक्स साइझ’ ही वेगळी ओळ आहे आणि तिचा मूळ आकडा ८ एमबी असतो. पहिली मर्यादा कितीही वाढवली तरी दुसरी तिच्याहून मोठी नसेल तर फाइल दारातच थांबते, आणि या प्रकारात पाठवलेले सगळेच रिकामे होऊन पोचत असल्यामुळे चुकीचा धड संदेशही मिळत नाही. शिवाय बदल जपून ठेवल्यानंतर अपाचे, म्हणजे संकेतस्थळ पुरवणारा सर्व्हर, बंद करून पुन्हा सुरू केला नाही, तर संगणक जुनेच आकडे धरून बसतो. यातले काहीही नोटपॅड प्लस प्लस सांगू शकत नाही, आणि सांगेल अशी अपेक्षाही धरू नये. त्याला व्याकरणाच्या खुणा दिसतात. अर्थ कळत नाही. जेसन या सेटिंग्ज-फाइलच्या दुसऱ्या एका प्रकारात शेवटच्या नोंदीनंतर एखादा स्वल्पविराम जास्त राहिला, तर मूळ स्थितीतला हा संपादक गप्प बसतो. तशी तपासणी हवी असल्यास वेगळे प्लगइन (जोड-सॉफ्टवेअर) घालावे लागते. मायक्रोसॉफ्टचा व्हीएस कोड हा संपादक अशा चुकीखाली लाल नागमोडी रेघ ओढतो, पण आमच्या संगणकावर तो उघडेपर्यंत चहा गार होतो आणि त्याच्या पडद्यावर माझ्या उपयोगाच्या नसलेल्या गोष्टींची गर्दी फार आहे.

न दिसणाऱ्या गोष्टी दाखवण्यात मात्र नोटपॅड प्लस प्लसचा हात कोणी धरू शकेल असे मला वाटत नाही. व्ह्यू मेनूतून रिकाम्या जागा आणि टॅब दाखवण्याची सोय चालू केली, की जागेच्या ठिकाणी ठिपका आणि टॅबच्या ठिकाणी बाण दिसतो. वायएएमएल या आणखी एका प्रकारच्या सेटिंग्ज-फाइलमध्ये ओळ आत सरकवण्यासाठी टॅब चालतच नाही, जागाच लागते. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसत असल्यामुळे ही चूक शोधणे म्हणजे तांदळातले पांढरे खडे वेचण्यासारखे काम आहे. ठिपके-बाण दिसले की तेच क्षणात होते. सरळ अवतरणचिन्हांच्या जागी वर्डमधून येणारी वळणदार चिन्हे शिरली असतील, तर तीही इथे नजरेला टोचतात. फाइल उघडून आकडे बदलताना डाव्या कडेला बदललेल्या ओळींपाशी नारिंगी पट्टी येते आणि जपून ठेवल्यावर ती हिरवी होते. वीस बदलांनंतर आपण नेमके कुठे कुठे हात लावला हे आठवत नसलेल्या माणसाला ही पट्टी फार उपयोगी पडते.

मराठी मजकुरासाठी एक सावधगिरी सांगायला हवी. फाइलचे एन्कोडिंग, म्हणजे अक्षरे साठवण्याची पद्धत, खालच्या पट्टीत उजवीकडे लिहिलेले असते. तिथे एएनएसआय ही जुनी पद्धत असताना वाचनालयाचे नाव देवनागरीत टाइप केले, तर हाती प्रश्नचिन्हांची रांग येते. आधी ती यूटीएफ-८, म्हणजे युनिकोडची पद्धत, करून घ्यावी लागते. मेनूत त्यासाठी दोन वेगवेगळ्या आज्ञा आहेत आणि त्यांची नावे गोंधळात पाडतात. एक आज्ञा फाइलमधले तेच बाइट वेगळ्या पद्धतीने वाचून दाखवते, तर ‘कन्व्हर्ट’ने सुरू होणारी दुसरी आज्ञा मजकूर खरोखर बदलून देते. बीओएम (फाइलच्या सुरुवातीची खूण) असलेला यूटीएफ-८ पर्याय पीएचपीच्या फाइलसाठी टाळावा, कारण सुरुवातीचे ते तीन अदृश्य बाइट पान सुरू होण्याआधीच बाहेर पडतात आणि मग भलत्याच ओळीवर चूक दाखवली जाते. आमच्या एका ज्येष्ठ सभासदांना या ‘कन्व्हर्ट’मुळे श्रीलिपी या जुन्या फाँट-पद्धतीत टाइप केलेली जुनी सूची आपोआप युनिकोडमध्ये येईल अशी आशा वाटली होती. तसे होत नाही. तो घोळ फाँटच्या रचनेतला आहे आणि त्यासाठी वेगळा परिवर्तक लागतो.

माझा एकच गंभीर आक्षेप आहे. जपून न ठेवलेला मजकूर हा संपादक स्वतःकडे राखून ठेवतो आणि बंद करताना काहीही विचारत नाही. पुन्हा उघडले की बदल जसेच्या तसे समोर असतात. नोंदवहीसारखा वापर करणाऱ्यांना हे सोयीचे असेल, परंतु कॉन्फिगरेशनच्या कामात यामुळे बदल झाल्याचा भास होतो आणि डिस्कवरची फाइल मात्र जुनीच राहते. टॅबवरचे फ्लॉपीचे चिन्ह लाल आहे की निळे, हे पाहण्याची सवय लावून घ्यावी लागते. मला ती एक आख्खी दुपार वाया घालवून लागली. उलट, प्रत्येक वेळी जुनी प्रत तारखेसह बाजूला ठेवण्याची अत्यंत उपयोगी सोय प्रेफरन्सेसमधल्या बॅकअपच्या पानावर मुळात बंद असते. या कामासाठी खरे तर हे दोन्ही नेमके उलट असायला हवे होते. सी ड्राइव्हच्या संरक्षित फोल्डरमधली फाइल जपताना नकार मिळाला, तर प्रशासक म्हणून पुन्हा उघडू का, असे तो आपण होऊन विचारतो, हे मात्र चांगले आहे.

आता आम्ही बदललेल्या प्रत्येक ओळीच्या वर सेमीकोलन टाकून तारीख, जुना आकडा आणि बदलणाऱ्याची आद्याक्षरे मराठीत लिहितो. परवा तंत्रज्ञ मुलगा दुसऱ्याच कामासाठी आला असताना त्याने ती फाइल उघडली, वरपासून खालपर्यंत त्या हिरव्या ओळी वाचत गेला आणि म्हणाला, “काका, हे तुमच्या खातेवहीसारखंच दिसतंय.”