डीव्हीडी बॅकअपसाठी मेकएमकेव्ही, हँडब्रेक की सरळ आयएसओ? बरेच महिने वापरून झाल्यावर

आधीच सांगतो, डिस्कवरचा व्हिडिओ कॉम्प्युटरवर उतरवायला एकच सॉफ्टवेअर निवडायचं असेल तर मेकएमकेव्ही घ्या. पण माझ्या कॉम्प्युटरवर आता तीन-चार गोष्टी आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे दोन प्रकारच्या डिस्क आहेत. एक म्हणजे लग्न, मुंज, बारसं, शाळेचं गॅदरिंग, म्हणजे शूटिंगवाल्याने बर्न करून दिलेल्या डीव्हीडी-आर. दुसऱ्या म्हणजे दुकानातून घेतलेली नाटकं आणि सिनेमे. दुकानातली डिस्क साच्यात छापलेली असते, ती बऱ्यापैकी टिकते. डीव्हीडी-आरमध्ये मात्र डेटा रंगाच्या थरावर असतो आणि तो थर ऊन, उष्णता, दमट हवा यांनी खराब होत जातो, म्हणून आधी लग्नं-मुंजी घ्या, नाटकं नंतर. बाजारात नाटक परत मिळू शकेल, आजीने हळद लावतानाचं शूटिंग परत कुठून आणणार?

मेकएमकेव्ही मला आवडलं त्याचं कारण साधं आहे, ते व्हिडिओला हातच लावत नाही. डिस्कवर जो एमपेग-२ (डीव्हीडीचा नेहमीचा प्रकार) व्हिडिओ आणि आवाज आहे तो जसाच्या तसा उचलून एमकेव्ही या प्रकारच्या व्हिडिओ फाइलमध्ये ठेवतं, त्यामुळे क्वालिटी तसूभरही कमी होत नाही आणि वेळ लागतो तो फक्त डिस्क वाचायला. डीव्हीडीसाठी ते फुकट आहे, पैशांचा प्रश्न ब्लू-रेला येतो. एक सेटिंग मात्र लगेच बदला, १२० सेकंदांपेक्षा छोटे टायटल (डिस्कवरचे वेगवेगळे व्हिडिओ) ते मुळातच वगळतं. सिनेमाला हे ठीक आहे, पण लग्नाच्या डिस्कवर गृहप्रवेशाचा छोटासा तुकडा वेगळा टायटल म्हणून ठेवलेला असू शकतो, तो गुपचूप गळतो, म्हणून हा आकडा कमी करूनच सुरुवात करा. आणि मेनू येत नाही. ज्या डिस्कचा मेनू फोटो-गाणी लावून हौसेने केलेला आहे तिची मी इमेजबर्न या सॉफ्टवेअरने आयएसओ, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली नक्कल, पण काढून ठेवतो, व्हीएलसी प्लेअरमध्ये ती डिस्कसारखीच चालते. इमेजबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची आहे तरी काम चोख, फक्त इन्स्टॉल करताना कुठे काय टिक केलेलं आहे ते वाचून पुढे जा.

आता हँडब्रेक. बरेच जण यालाच बॅकअप सॉफ्टवेअर म्हणतात, माझ्या मते ते बॅकअपचं नाहीच, ते व्हिडिओ परत एन्कोड करून छोटा करतं. व्हॉट्सअपवर मावशीला पाठवायला, फोनवर बघायला एकदम मस्त, आणि पूर्ण फुकट, ओपन सोर्स. विकतच्या डिस्कचं कुलूप (कॉपी होऊ नये म्हणून घातलेलं संरक्षण) ते स्वतःहून उघडत नाही, म्हणून मी मेकएमकेव्हीची फाइलच त्याला देतो. क्वालिटीचा आकडा (आरएफ, तो जितका कमी तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी) २० च्या आसपास ठेवला की दोन तासांचं साधारण एक-दीड जीबीत बसतं.

पण लग्नाच्या शूटिंगला एक मोठी गोष्ट सांभाळायची. आपल्याकडच्या डीव्हीडी पाल या टीव्ही पद्धतीच्या, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, आणि कॅमेऱ्याचं शूटिंग इंटरलेस्ड असतं, म्हणजे एका फ्रेममध्ये दोन वेगळ्या क्षणांच्या रेषा एकाआड एक भरलेल्या. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या की हलणाऱ्या प्रत्येक हाताच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा दिसतात ना, त्या यामुळेच. हँडब्रेकच्या फिल्टरमध्ये या रेषा घालवणारं डीकॉम्ब घ्या आणि प्रीसेट बॉब ठेवा, मग सेकंदाला ५० चित्रं मिळतात आणि हालचाल अगदी टीव्हीवर बघायचो तशी सुळसुळीत दिसते. मात्र त्यातल्या फास्ट ५७६पी२५ या तयार प्रीसेटमध्ये फ्रेमरेट २५ वर बांधलेला असतो, तो ५० केला नाही तर बॉबचा फायदा वाया जातो.

एका पेड सॉफ्टवेअरची ट्रायल पण वापरून बघितली, नाव घेत नाही, एका क्लिकमध्ये सगळं होतं म्हणून जाहिरात होती. त्याने २५ चं परस्पर ३० फ्रेम केलं, वरात पुढे सरकताना मध्येच झटके बसायला लागले. काढून टाकलं.

डीव्हीडी श्रिंक, म्हणजे डिस्क दाबून छोटी करणारं जुनं सॉफ्टवेअर, याबद्दल अजूनही विचारणारे भेटतात. २००४ नंतर त्याची नवीन आवृत्ती नाही. ८.५ जीबीची डिस्क ४.७ च्या कोऱ्या डिस्कवर बसवायची तेव्हाची गरज होती ती. आज एक टीबीच्या हार्ड डिस्कवर भरगच्च ४.७ वाल्या दोनशे डिस्क मावतात, मग चित्राची क्वालिटी कशाला घालवायची.

ओरखडे पडलेल्या डिस्कसाठी लिनक्समधलं जीएनयू डीडीरेस्क्यू, ते खराब डिस्कमधून जमेल तेवढा डेटा वाचवतं. विंडोजवाल्यांनी लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू केलं तरी चालतं. हे आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं आणि अडलेल्या भागांकडे नंतर वळतं, कुठले सेक्टर (डिस्कवरचे डेटाचे छोटे तुकडे) राहिले याची नोंद एका मॅपफाइलमध्ये ठेवतं. ब्लॉक साइज २०४८ बाइट द्या, डीव्हीडीचा सेक्टर तेवढाच असतो. खरी कमाल म्हणजे तीच डिस्क दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून तीच मॅपफाइल दिली की फक्त राहिलेले सेक्टर परत वाचायला घेतं. भावाच्या मुंजीची डिस्क लॅपटॉपच्या ड्राइव्हमध्ये अर्ध्यावर अडकायची, जुन्या डेस्कटॉपच्या ड्राइव्हने उरलेलं जवळजवळ सगळं वाचलं, भिक्षावळ पूर्ण मिळाली. म्हणून सॉफ्टवेअर बदलत बसण्याआधी ड्राइव्ह बदलून बघा. डिस्क पुसायची ती मऊ कपड्याने मधून बाहेरच्या कडेला सरळ, गोल गोल नाही. आणि वर कागदी स्टिकर चिकटवलेलं असेल तर ते ओढून काढू नका, डिस्क खराब होऊ शकते.

विकतच्या डिस्कच्या बाबतीत, आपल्या कॉपीराइट कायद्यात २०१२ पासून कलम ६५अ आहे, हक्कभंगाच्या हेतूने असं कुलूप तोडणं गुन्हा आहे. मी घरच्या घरी बघायलाच ठेवतो, फाइल कुणाला देत नाही.

व्हीसीडी (डीव्हीडीच्या आधीच्या व्हिडिओ सीडी) असतील तर त्या मेकएमकेव्हीत उघडणार नाहीत. डिस्कवरच्या एमपेगएव्ही (MPEGAV) फोल्डरमधली डॅट (.DAT) फाइल कॉपी करून घ्या, व्हीएलसीमध्ये तशीच चालते. कॉपी मध्येच अडली तर दुसरा ड्राइव्ह लावा.