हरताळाच्या दिवसांतील ढाक्याची सायकलरिक्षा

ढाक्यातील इंग्रजी माध्यमाच्या शाळेत नोकरी स्वीकारण्याच्या विचारात असलेली आपल्याकडची शिक्षकमंडळी पगार, व्हिसा आणि घरभाडे यांची कसून चौकशी करतात. मात्र शहर बंद असताना शाळेत पोहोचायचे कसे, हे सहसा कोणी विचारत नाही. 2015च्या सुरुवातीला मी तिथे गणित शिकवत होतो आणि त्या काळात माझी नोकरी ज्या एका सेवेच्या भरवशावर टिकली, त्या सायकलरिक्षेचे हे परीक्षण आहे.

त्या वेळची परिस्थिती थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. 5 जानेवारी 2014च्या सार्वत्रिक निवडणुकीवर बांगलादेश नॅशनलिस्ट पार्टी (बीएनपी) हा विरोधी पक्ष आणि त्याच्या मित्रपक्षांनी बहिष्कार टाकल्यामुळे 300 पैकी 153 जागा बिनविरोध निवडल्या गेल्या होत्या. त्या निवडणुकीला वर्ष झाले तेव्हा विरोधकांनी पुन्हा आंदोलन उभारले, 6 जानेवारी 2015पासून देशभर बेमुदत वाहतूक-अवरोध पुकारला आणि फेब्रुवारीत त्यावर आठवड्याच्या कामकाजाच्या दिवसांतील हरताळांची भर घातली. बस आणि ट्रकवर पेट्रोल बॉम्ब पडत होते आणि ढाका मेडिकल कॉलेजचा भाजलेल्या रुग्णांचा विभाग भरून गेला होता. चौदा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांची एसएससी परीक्षा सरकारला शुक्रवारी आणि शनिवारी, म्हणजे तिथल्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी घ्यावी लागली. आमच्या शाळेनेही मोठ्या वर्गांचे तास सुट्टीच्या दिवसांवर हलवले. पण शिक्षकांना मधल्या वारीही यावे लागे, आणि शिक्षकांना नेणारी मायक्रोबस पहिल्याच आठवड्यात बंद झाली होती. रात्री उशिरा शाळेचा एसएमएस येई आणि सकाळी प्रत्येकाने आपापली सोय पाहावी, अशी अपेक्षा असे.

आपल्याकडे बंद म्हटला की रिक्षा सर्वांत आधी गायब होते. ढाक्यात नेमके उलटे घडते. हरताळवाल्यांचा मुख्य रोख इंजिनावर चालणाऱ्या वाहनांवर असतो आणि पायडलच्या रिक्षेला रूढीनेच मोकळीक मिळते. अर्थात ही मोकळीक कोणी लिहून दिलेली नसते आणि तिचा भरवसा गल्लीगणिक बदलतो. एरवी गाबतोली ते आझिमपूर जाणाऱ्या मीरपूर रोडसारख्या मोठ्या रस्त्यांवर रिक्षांना मज्जाव असे, पण हरताळाच्या दिवशी तोच रस्ता त्यांच्या ताब्यात असे. त्यामुळे मोहम्मदपूरहून नीलखेतच्या पुस्तकबाजारात जुनी क्रमिक पुस्तके आणायला जाणे मला हरताळाच्या दिवशीच सर्वांत सोयीचे वाटे, हे सांगताना थोडा संकोच होतो.

या सेवेचा सर्वांत मोठा गुण म्हणजे रिक्षाचालकाचे रस्त्याचे ज्ञान. ढाक्यात चालकाला ‘मामा’ म्हणून हाक मारतात. मला बहुधा सकाळी नेणारे मामा मोठ्या चौकाच्या अलीकडे पाय थांबवत, समोरून येणाऱ्या रिक्षावाल्याला पुढची हालहवाल विचारत आणि उत्तर पसंत पडले नाही तर मला न विचारताच डावीकडच्या गल्लीत वळत. एकदा सात मसजिद रोडच्या दिशेने गावठी बॉम्बचा, म्हणजे तिथल्या भाषेत ‘कॉकटेल’चा, आवाज आला तेव्हा त्यांनी रिक्षा एका इमारतीच्या फाटकात घातली, दरवानाशी दोन शब्द बोलले, हूड खाली पाडले आणि रस्ता निवळेपर्यंत साखळी तपासत बसले. दूरचित्रवाणीवरच्या बातम्यांपेक्षा ही माहिती ताजी आणि नेमकी असे.

दोषही स्पष्ट सांगितले पाहिजेत. बैठक अरुंद आणि पुढे उतरती असल्यामुळे वह्यांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसणे कष्टाचे होते; एका हाताने हुडाची बांबूची कामटी धरून ठेवावी लागे. पावसात मिळणारा प्लॅस्टिकचा तुकडा गुडघ्यांपलीकडे काहीही झाकत नाही. धानमंडी–मोहम्मदपूर परिसरात ही सेवा उत्तम आहे. मात्र तिथून गुलशनला जायचे असेल तर रिक्षा बदलत जावे लागे आणि वेळेचा अंदाज पार कोलमडे. अंधार पडल्यावर तर अनेक चालक लांबचे भाडे घेतच नसत आणि त्यात त्यांची काहीही चूक नव्हती.

भाड्याबद्दल परदेशी शिक्षकांची तक्रार नेहमीची आहे. एरवी तीस टक्यांत (टका हे तिथले चलन) होणाऱ्या फेरीला हरताळाच्या दिवशी पन्नास मागितले जात आणि स्टाफरूममध्ये त्याला सर्रास लूट म्हटले जाई. मला हे मान्य नाही. यातील बहुतेक चालक रंगपूर, गाइबांधा, कुरीग्राम अशा उत्तरेकडच्या जिल्ह्यांतून आलेले असतात, रिक्षा मालकीची नसते आणि शहर चालू असो वा बंद, ‘जमा’, म्हणजे दिवसाचे भाडे, रिक्षामालकाच्या, म्हणजे ‘महाजना’च्या, हातावर ठेवावेच लागते. ही सेवा हरताळातही सुरू राहते ती रूढीमुळे जितकी, तितकीच घरी बसणे परवडत नसल्यामुळे. ज्या जोखमीमुळे शाळेने आपली काचबंद गाडी रस्त्यावर आणली नाही, ती उघड्यावर पत्करणाऱ्याने वीस टके जास्त मागितले तर घासाघीस करू नये, असे माझे मत आहे.

मार्चपर्यंत लोकांनीच हरताळ मोजणे सोडून दिले, ढाक्यात हरताळाच्या दिवशीही वाहतूक कोंडी होऊ लागली आणि मोठ्या रस्त्यांवरून रिक्षांना पुन्हा हुसकावले गेले. तिथे नव्याने जाणाऱ्या शिक्षकांनी घर पाहताना शाळेपर्यंतचे अंतर अर्ध्या तासाच्या रिक्षाफेरीपेक्षा जास्त नाही ना, आणि वाटेत मुख्य रस्ता टाळून जाणाऱ्या गल्ल्या आहेत ना, हे आधी तपासावे. घराजवळच्या नाक्यावरील एखाद्या चालकाशी महिन्याच्या बोलीवर सकाळची फेरी ठरवून घ्यावी, त्याचा मोबाइल क्रमांक जवळ ठेवावा आणि हरताळाचे जादा पैसे आधीच बोलून मोकळे व्हावे.