टेनेसी राज्याचा उठावाचा भिंतीवरचा नकाशा

टेनेसीमध्ये राहायला येऊन चार वर्षे झाली असली, तरी हे राज्य किती लांबोळके आहे याची नीट कल्पना मला सपाट नकाशावरून कधीच आली नव्हती. दोन महिन्यांपूर्वी नॅशव्हिलमधील एका दुकानातून मी या राज्याचा प्लॅस्टिकचा, उठावाचा, म्हणजे डोंगरदऱ्या बोटाला जाणवतील असा उंचसखल नकाशा ४८ डॉलरला विकत घेतला. त्यावर एक सेंटिमीटर म्हणजे प्रत्यक्षातले सात किलोमीटर असे प्रमाण आहे, त्यामुळे पूर्व-पश्चिम सुमारे ७०० किलोमीटर पसरलेले टेनेसी भिंतीची एक मीटर जागा व्यापते आणि उंचीला मात्र जेमतेम वीतभरच भरते. शेजारची आठही राज्ये कडेकडेने दाखवलेली आहेत. इतके शेजार अमेरिकेत फक्त मिसुरीला आहेत.

असे नकाशे आधी सपाट प्लॅस्टिकवर छापतात आणि मग तो तक्ता तापवून, हवा शोषून घेऊन, साच्यावर बसवतात. उंची अर्थातच वाढवून दाखवावी लागते, कारण ग्रेट स्मोकी पर्वतातील कुवोही हे राज्यातले सर्वोच्च शिखर २,०२५ मीटर उंच असले, तरी या प्रमाणात ते तीन मिलिमीटरही भरणार नाही. येथे ते सुमारे दीड सेंटिमीटर वर आले आहे, म्हणजे उंची पाचपट केलेली आहे, आणि ही निवड मला योग्य वाटते. याहून अधिक ताणले असते तर कंबरलँडचे पठार भिंतीसारखे उभे राहिले असते.

नकाशाचे खरे मोल पूर्व भागात कळते. उत्तर कॅरोलिनाच्या सीमेवरून बोट पश्चिमेकडे सरकवत नेले की आधी स्मोकीचा खडबडीत चढ लागतो, नंतर ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या समांतर डोंगररांगा आणि त्यांच्यामधल्या दऱ्या नांगरटीच्या तासांसारख्या बोटाला जाणवतात, आणि मग पठाराची कड एकदम वर येते. त्या पठारात सेक्वाची खोऱ्याची सरळ चीर इतकी स्वच्छ उठली आहे की माझी नऊ वर्षांची मुलगी डोळे मिटूनही ती शोधून काढते. पुढे मध्य टेनेसीचा खोलगट भाग येतो; त्याभोवतीची उंच कड पाहिली की नॅशव्हिल वाडग्यासारख्या सखल प्रदेशात वसले आहे, हे समजावून सांगावे लागत नाही. राज्याच्या ध्वजावरील तीन तारे पूर्व, मध्य आणि पश्चिम या तीन विभागांचे आहेत, आणि ते विभाग लोकांच्या मनात इतके पक्के का आहेत, हे मला येथे जमिनीवरूनच उमगले.

टेनेसी नदी मात्र या नकाशाने बिघडवली आहे, आणि त्याचे मला फार वाईट वाटते. नॉक्सव्हिलजवळ होल्स्टन आणि फ्रेंच ब्रॉड यांच्या संगमातून निघणारी ही नदी नैर्ऋत्येला अलाबामात उतरते, मिसिसिपी राज्याच्या कोपऱ्याला स्पर्श करून उत्तरेकडे वळते आणि पुन्हा टेनेसी ओलांडून केंटकीत ओहायो नदीला मिळते. हे अजब वळण नकाशावर ठळक दिसते खरे, पण चॅटनूगाजवळ छापलेली निळी रेघ दरीच्या तळातून सुमारे तीन मिलिमीटर सरकून चक्क डोंगराच्या उतारावर चढली आहे. तक्ता साच्यावर नीट जुळवून न बसवल्याचा हा दोष आहे. दुकानदाराने तक्रार न करता प्रत बदलून दिली. दुसऱ्या प्रतीत सरक निम्म्याने कमी आहे, पण आहेच.

पश्चिम भागाची उपेक्षा झाली आहे. तेथे जमीन सपाट असल्याने उठावाला फारसा वाव नाही हे मान्य केले, तरी मग छपाईने ती उणीव भरून काढायला हवी होती. १८११-१२ च्या हिवाळ्यातील न्यू मॅड्रिडच्या भूकंपांत जमीन खचून तयार झालेले रीलफूट सरोवर येथे नाव नसलेला निळा ठिपका आहे, आणि मिसिसिपी नदीकाठच्या उंच कड्यावर मेम्फिस वसले आहे हे बोटाला अजिबात कळत नाही. दोन कालविभागांना वेगळी करणारी रेषाही दाखवलेली नाही. नॉक्सव्हिलहून नॅशव्हिलला जाताना घड्याळ एक तास मागे घ्यावे लागणाऱ्या राज्याच्या नकाशावर ती असायलाच हवी होती.

९५ काउंट्यांची नावे बारीक असली तरी वाचता येतात. सर्वोच्च शिखराला मात्र ‘क्लिंगमन्स डोम’ हे जुनेच नाव आहे. चेरोकी या मूळ अमेरिकी लोकांचे ‘कुवोही’ हे नाव सप्टेंबर २०२४ मध्ये अधिकृतपणे परत मिळाले, तेव्हा विकत घेण्यापूर्वी छपाईचे वर्ष विचारून घ्यावे. ज्या राज्याचे नावच तानासी या चेरोकी गावावरून आले आहे, त्याच्या नकाशावर ही दुरुस्ती मला महत्त्वाची वाटते.

नकाशा खिडकीच्या समोरच्या भिंतीवर लावू नये. समोरून उजेड पडला की उठाव पुसट होतो. आम्ही तो खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर हलवला, तेव्हा पूर्वेकडची प्रत्येक रांग आपापली सावली घेऊन उठून दिसू लागली.