चिपळूणमध्ये मिळालेला उत्तर कॅनडाचा नकाशा

चिपळूणच्या बाजारपेठेतील एका जुन्या शालेय साहित्याच्या दुकानातून घेतलेला उत्तर कॅनडाचा हा भिंतीवरचा नकाशा केवळ मॅकेंझी नदीसाठीही विकत घेण्याजोगा आहे. ग्रेट स्लेव्ह सरोवरातून निघून सुमारे १,७३८ किलोमीटर वाहत ब्यूफोर्ट समुद्राला मिळणारी ही नदी तिच्या उपनद्यांसह ठसठशीत दिसते, आणि फोर्ट सिम्पसनजवळचा लिअर्ड नदीचा संगम तर फारच स्वच्छ छापला आहे.

विशेष समाधान नावांविषयी आहे. पॅसिफिक महासागराची वाट शोधताना १७८९ मध्ये या नदीने आर्क्टिकपर्यंत पोहोचलेल्या अलेक्झांडर मॅकेंझी यांच्या नावाखाली काठावरील डेने लोकांचे ‘देहचो’ हे नावही तितक्याच ठळक अक्षरांत दिले आहे, आणि ते असायलाच हवे. नदी उत्तरेकडे वाहत असल्यामुळे वरच्या अंगाचा बर्फ आधी वितळतो, मुखाकडचा गोठलेलाच राहतो आणि वसंतात बर्फ अडून पाणी तुंबते. वाशिष्ठीचे पूर पाहिलेल्या मुलांसाठी याची एक टीप नकाशावर हवी होती. कागद पातळ आहे आणि कोकणातील पावसाळी हवेत तो सर्दावतो, म्हणून लॅमिनेशन करूनच घ्यावा.