चारही फोटोंत अंगठा होता, तरी मला दिसला नाही

रेकॉर्डचे २४,८०० येन, पोस्टेजचे ८८०. एकूण २५,६८०. घरी मी ‘साधारण पाच हजार’ सांगितलंय, त्यामुळे कोणी ओळखीचं वाचत असेल तर कृपया नवऱ्यापर्यंत जाऊ देऊ नका.

वस्तू होती जपानी गायिका मात्सुबारा मिकी यांचा पहिला अल्बम, ‘पॉकेट पार्क’, जानेवारी १९८०. त्यातलं पहिलंच गाणं ‘मायोनाका नो डोआ’ २०२० च्या शेवटी जगभर व्हायरल झालं. बाई बिचाऱ्या २००४ मध्येच कॅन्सरने गेलेल्या, वय ४४. त्यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. कंपनीने नव्या प्रती छापल्या आणि १९८० च्या मूळ प्रतींचे भाव चढले. दोन्हींचं कव्हर तेच. पुढचं तुम्हाला कळलंच असेल.

पण मी भोळी नाही हो! तोक्योत, निशिकासाईला, सात वर्षं राहतेय. जपानी वाचता येतं. ही रेकॉर्ड घेतली त्याच, लोक आपल्या जुन्या वस्तू विकतात त्या अ‍ॅपवरून आधी बारा वस्तू घेतल्या होत्या, बाराही चोख निघाल्या. ट्रेनमध्ये विसरलेली छत्री जिथे दुसऱ्या दिवशी परत मिळते, तिथे माणूस सैल पडतोच.

जाहिरातीत लिहिलं होतं, ‘मूळ छपाई, ओबीसह, वडिलांच्या कपाटात न वाजवता ठेवलेली.’ ओबी म्हणजे कव्हरच्या डाव्या कडेला गुंडाळलेली कागदाची पट्टी. तिच्यावर नाव, किंमत, कंपनी सगळं छापलेलं असतं. फोटो चार होते. चारही फोटोंत विकणाऱ्या बाईंनी रेकॉर्ड हातात धरलेली आणि अंगठा बरोबर ओबीच्या खालच्या टोकावर. एका फोटोत ठीक आहे, धरायला तर हवीच. पण चारही फोटोंत त्याच जागी? मी ते फोटो मोठे करून करून बघितले होते. कोपरे घासलेत का, पिवळे पडलेत का, सगळं तपासलं. अंगठ्याच्या नखावरचं फिकट जांभळं नेलपॉलिशसुद्धा बघितलं, छान वाटलं. मराठीत ‘अंगठा दाखवणे’ म्हणजे काय ते पहिलीतल्या पोराला कळतं. मला चार वेळा दाखवला, तरी कळलं नाही.

पार्सल शनिवारी आलं. पाठोपाठ मेसेज. ‘वडिलांचं घर महिनाअखेर रिकामं करायचंय, पैशांची अडचण आहे, आजच पोच दिलीत तर उपकार होतील.’ आपण पोच दिल्याशिवाय अ‍ॅप पैसे सोडत नाही, हे मला माहीत होतं. कुकर लावलेला, रेकॉर्ड अजून बबल रॅपमध्ये, आणि मी ओल्या हाताने ‘मिळालं, छान’ दाबून मोकळी. बाईंचे वडील गेलेत, त्यांना कशाला ताटकळत ठेवायचं, हा विचार. वस्तू उघडून, वाजवून बघेपर्यंत पोच द्यायची नाही. समोरचा रडो, नाहीतर पाया पडो.

उघडली तर वास नव्या शाईचा. अंगठ्याच्या जागी होतं ‘झेईकोमी’, म्हणजे करासहित किंमत. जपानमध्ये विक्रीवर हा कर लागला १ एप्रिल १९८९ ला! खाली कंपनीचं नाव ‘पोनी कॅनियन’. १९८० मध्ये ही कंपनी नुसती ‘कॅनियन’ होती, पोनीशी एकत्र आली १९८७ मध्ये. शेजारी बारकोड. एवढं सगळं एका अंगठ्याखाली मावतं. नवी प्रत दुकानात याच्यापेक्षा कितीतरी कमी किमतीत मिळते.

अ‍ॅपवाल्यांना लिहिलं. तीन दिवसांनी उत्तर, ‘व्यवहार पूर्ण झाला आहे, आपसांत बोलून मिटवा.’ आपसांत म्हणजे कोणाशी? बाईंनी तोवर खातं बंद केलेलं. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा तेच उत्तर, अक्षर न अक्षर तेच. ग्राहक केंद्रात गेले, तर विकणारा व्यापारी नाही, खाजगी व्यक्ती आहे, आम्ही फक्त सल्ला देतो म्हणाले. पोलीस चौकीत बसायला खुर्ची दिली, रेसिडेन्स कार्डाच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स काढली, माझं आडनाव काताकाना या जपानी लिपीत कसं लिहायचं यावर दहा मिनिटं खल झाला. मग साहेबांनी विचारलं, “रेकॉर्ड वाजते का?”

“वाजते.”

“मग वस्तू तर मिळाली.”

आणि म्हणे हा दिवाणी मामला. ती नवी आहे हे विकणारीला माहीत होतं, हे सिद्ध कसं करणार? अहो, अंगठा! चार फोटोंची प्रिंट टेबलावर ठेवली. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी प्रिंट उचलून पर्समध्ये टाकली. चाळीस मिनिटं गेली आणि तक्रार नोंदवलीच नाही.

जाहिरातीचे स्क्रीनशॉट आधीच काढून ठेवा, माझ्याकडे होते म्हणून निदान एवढं बोलता तरी आलं. ओबीच्या खालच्या टोकाचा वेगळा फोटो मागा. टाळाटाळ झाली तर सोडून द्या. १८८ वर, म्हणजे ग्राहक केंद्राच्या मदत क्रमांकावर, फोन करायचा तर पैसे सुटण्याआधी करा.

गेल्या आठवड्यात त्याच अ‍ॅपवर दुसऱ्या नावाने दुसरी रेकॉर्ड आलीय. ती म्हणे काकांच्या कपाटातली. मी कळवलं, ती अजून तिथेच आहे. अंगठा उजवा, नख फिकट जांभळं.