डँट्रोलीन : जुनी व्हायल की नवी?

मी भूलतज्ज्ञ आहे. डँट्रोलीन हे ‘मॅलिग्नंट हायपरथर्मिया’ या, भुलेच्या औषधांमुळे क्वचित उद्भवणाऱ्या जीवघेण्या संकटावरचं औषध. ते माझ्या बहुतेक सहकाऱ्यांना अख्ख्या नोकरीत एकदाही फोडावं लागत नाही. मला लागलं.

पेशंट तरुण, ७० किलोचा, तब्येत ठणठणीत. स्नायू सैल करणारं सक्सिनिलकोलीन दिलं आणि जबडा सैल पडायच्या ऐवजी आवळला. कशीबशी श्वासनलिकेत नळी घातली, सेव्होफ्लुरेन हा भुलेचा वायू सुरू केला. थोड्याच वेळात उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड ३८ वरून ६५ वर, नाडी १४०. व्हेंटिलेटर वाढवला तरी आकडा चढतच होता. कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या सोडालाइमच्या डब्याला हात लावला तर तो तापलेला. थर्मामीटर मात्र ३७.२ वरच! नावात ‘हायपरथर्मिया’ असलं तरी अंग पुष्कळदा उशिरा तापतं. त्याची वाट बघायची नाही.

काही जणांच्या स्नायूंत, बहुतेकदा आरवायआर१ या जनुकातल्या आनुवंशिक दोषामुळे, कॅल्शियमच्या साठ्याचं दार कच्चं असतं. भुलेचे वायू किंवा सक्सिनिलकोलीन मिळालं की ते उघडतं आणि मिटत नाही. स्नायू आखडलेलेच राहतात, ऑक्सिजन जाळत सुटतात, शेवटी पेशी फुटून पोटॅशियम रक्तात येतं. डँट्रोलीन नेमकं हे दार लोटतं. त्यासाठी पाचपैकी पाच.

पण जुनी व्हायल! एकीत फक्त २० मिलिग्रॅम. पहिला डोस किलोला २.५, म्हणजे याला १७५ मिलिग्रॅम, नऊ व्हायल. प्रत्येकीत ६० मिली इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी, सलाइन चालत नाही. नारिंगी पूड तळाशी चिकटून बसते, पाणी पिवळं आणि स्वच्छ होईपर्यंत जोरजोरात हलवत राहायचं. दोन सिस्टर आणि वॉर्डबॉय फक्त हलवत होते, मी वायू बंद करून प्रोपोफोल हे शिरेतून द्यायचं भुलेचं औषध चालू केलं होतं. आमच्या कपाटात सहाच व्हायल निघाल्या. उरलेल्या तीन दुसऱ्या मजल्यावरून आणाव्या लागल्या. ती वाट पाहणं मी विसरणार नाही.

डोस पूर्ण झाला, दंड हाताला मऊ लागला आणि मग आकडा उतरला.

नव्या व्हायलमध्ये २५० मिलिग्रॅम असतात, पाणी फक्त ५ मिली. सरावात मी ती स्वतः हलवून पाहिली, काही सेकंदांत तयार. द्रावण गढूळ नारिंगी दिसतं, ते बिघडलेलं नाही. एक गोष्ट ध्यानात ठेवा : जुन्या व्हायलमध्ये प्रत्येकी ३ ग्रॅम मॅनिटॉल, म्हणजे लघवी वाढवणारं द्रव्य, असतं, हिच्यात अगदी थोडं, त्यामुळे लघवीची काळजी वेगळी घ्यावी लागते. दोन्ही शिरेबाहेर गेल्या तर त्रास देतात, म्हणून मोठी शीर निवडा.

मिळत असेल तर नवीच घ्या. जुनी असेल तर ३६ व्हायल आणि पुरेसं पाणी ओटीतच, एकाच ट्रॉलीवर ठेवा.

तो मुलगा आयसीयूत दुसऱ्या दिवशी जागा झाला, तेव्हा हातात पेला धरवत नव्हता. स्नायूंचा हा अशक्तपणा औषधाचाच, पुढे ओसरतो. त्याची आई म्हणाली, “याचा मामा टेबलावरच गेला होता, डॉक्टर. आम्हाला कुणी विचारलंच नाही.”